वाचकांचे प्रश्न : विस्कॉन्सिनचे स्टर्जन, लग्नातली काळी गाबोळी आणि मुळशीची चढण

गेल्या अंकात एका वाचकांनी अमेरिकेतून पाठवलेला फोटो छापला होता, आठवत असेल. नदीचा काठ, काठाला दगडांचं पिचिंग, त्या दगडांना अगदी चिकटून गुडघाभर पाण्यात माणसाएवढे मासे, आणि वर जॅकेटं घातलेली पोरंटोरं वाकून बघतायत. आम्ही खाली फक्त 'विस्कॉन्सिनमधले स्टर्जन मासे' एवढी एक ओळ टाकली आणि मोकळे झालो. त्यानंतर इतके मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्या माशालाच देऊन टाकतेय. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

ताई नमस्कार. आमची मुलगी ॲपलटनला असते. ती म्हणते बाबा पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये या, तुम्हाला हे मासे बघायला नेते. मासे बघायला अमेरिकेला कशाला जायचं हे आमच्या हिला पटत नाहीये आणि खरं सांगायचं तर मलाही. एवढं काय आहे त्यात? (कोथरूड)

काका, जा. काकूंनाही न्या, फक्त तिकडे एप्रिल म्हणजे उन्हाळा असं समजून सुती कपड्यांवर जाऊ नका, काठावर वारा झोंबतो.

आता त्यात एवढं काय ते सांगते. विस्कॉन्सिनमधल्या या ॲपलटनच्या दक्षिणेला लागून लेक विनेबॅगो नावाचं मोठं तळं आहे, आणि हे तळं, त्याला जोडलेली वरची तीन तळी आणि वुल्फ, फॉक्स या नद्या मिळून जे पाणी होतं त्यात लेक स्टर्जन या जातीची जगातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक वस्ती आहे. हा मासा वर्षभर तळ्याच्या बुडाशी चिखल हुंगत फिरतो, कुणाच्या नजरेला पडत नाही. वसंतात बर्फ वितळलं की नदीला पाणी चढतं आणि मासा तळ्यातून निघून वुल्फ नदीतून वर वर जायला लागतो, काही मासे तर कित्येक मैल. पाणी साधारण १२ अंश सेल्सियसला आलं की अंडी घालणं सुरू. पंचांग वगैरे काही नाही, पाण्याचा गारवा हाच मुहूर्त. म्हणून तारीख आधी सांगता येत नाही, एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेची सुरुवात एवढंच म्हणता येतं, आणि मध्येच थंडीची लाट आली, पाणी परत गार झालं की मासे खोल पाण्यात जाऊन चक्क थांबतात. तुमच्या मुलीला म्हणावं सुट्टी एकदम टाकू नकोस, पाण्याचं टेंपरेचर बघून टाक.

आधी नर येतात. काठालगत घिरट्या घालत राहतात, नाकं पाण्याबाहेर, शेपट्या पाण्याबाहेर. मग मादी त्या दगडांवर आली की चार-सहा नर तिच्या दोन्ही बाजूंनी चिकटतात आणि सगळे मिळून शेपट्यांनी असं पाणी घुसळतात की काठावरचा माणूस भिजतो, काही सेकंद हा दंगा, मग शांत, मग थोड्या वेळाने परत. मादीचं हे काम तासन्‌तास चालू राहतं. नर त्या वेळी खर्जात एक घुमणारा आवाज काढतात, कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवतो म्हणे. अंडी काळपट, मिरीएवढीही नसतात, आणि चिकट. दगडाला चिकटली तर वाचली, गाळात पडली तर गेली. म्हणूनच त्यांना दगड लागतो आणि वाहतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं. गंमत म्हणजे काठ खचू नये म्हणून लोकांनी आणि सरकारने नदीच्या वळणांवर जे दगड टाकले ते या माशांना एकदम पसंत पडले, आणि पुढे तर मुद्दाम मासे डोळ्यापुढे ठेवून दगड टाकायला लागले. तुम्ही फोटोत बघितलेलं पिचिंग ते हेच. आठ ते चौदा दिवसांत पिल्लं निघतात, थोडे दिवस दगडांच्या फटीत बसतात आणि मग रात्रीच्या वेळी प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. आईबाप तोवर केव्हाच तळ्यात परत गेलेले असतात, मागे वळून बघत नाहीत.

जागा सांगून ठेवते : शिऑक्टन गावातलं बांबू बेंड, न्यू लंडनजवळची स्टर्जन ट्रेल, आणि शावानोचं धरण. या शेवटच्या ठिकाणाबद्दल खाली अजून लिहिलंय कारण सगळी गोम तिथेच आहे.

तो शार्कचा भाऊ आहे का? चावतो का? (इयत्ता सातवी, एरंडवणे)

नाही आणि नाही. शेपटीचा वरचा भाग लांब असतो आणि आतला सांगाडा बराचसा कूर्चेचा, म्हणून शार्कसारखा वाटतो एवढंच. दात नसतात. तोंड खालच्या बाजूला, नळीसारखं बाहेर येतं आणि बुडाचे किडे, गोगलगायी ओढून घेतं, पुढे चार मिशा असतात त्यांनी चाचपत जातो. अंगावर खवल्यांच्या ऐवजी हाडांच्या ढालींच्या पाच रांगा. पिल्लाच्या ढाली धारदार असतात, हाताला लागतील अशा, म्हातारपणी झिजून गुळगुळीत होतात. हे खानदान डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेलं आहे, डायनोसॉर गेले आणि हे राहिले. तू गेलास तर काठावरूनच बघ, अंडी घालत असताना त्यांना हात लावायचा नाही.

फोटोतला मासा शंभर वर्षांचा असू शकतो असं एक जण म्हणाले. माशाचं वय कोण मोजतं? जन्मदाखला असतो का? (निगडी)

असतो, पंखात. छातीजवळच्या पंखाचा पहिला काटा जाड असतो, त्याची पातळ चकती कापून मायक्रोस्कोपखाली धरली की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, मोजायची. पण म्हाताऱ्या माशात बाहेरची वर्तुळं इतकी दाटीने येतात की या पद्धतीने वय कमीच निघतं, कानातल्या खड्यावरून जास्त बरोबर येतं, पण तो काढायचा म्हणजे मासा मेलेला पाहिजे. १९५३ साली लेक ऑफ द वूड्समध्ये ९४ किलोच्या आसपासचा एक लेक स्टर्जन सापडला, त्याचं वय दीडशेच्या वर निघालं. म्हणजे तो अंड्यातून बाहेर आला तेव्हा आपल्या शनिवारवाड्यात दुसरा बाजीराव होता.

सगळे एवढे जगत नाहीत. नर साधारण पन्नास-पंचावन्न, माद्या त्याहून बऱ्याच जास्त. पण वयापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. मादी पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा ती वीस-पंचवीस वर्षांची असते, आणि नंतरही दर वर्षी नाही, तीन ते पाच वर्षांतून एकदा. नर बिचारा पंधराच्या आसपास तयार होतो. आता तुम्हीच हिशोब करा, आज एक मोठी मादी मारली तर तिच्या जागी दुसरी उभी राहायला किती काळ जाईल. आपण रोहू-कटल्याच्या हिशोबाने विचार करतो, दोन-तीन वर्षांत मासा तयार, आणि तिथेच फसतो.

जानेवारीत कोरेगाव पार्कला एका लग्नात काउंटरवर कॅव्हियार ठेवलं होतं, छोट्या चमच्याने देत होते. चव मला तरी आपल्या गाबोळीपुढे काहीच वाटली नाही. ते स्टर्जनचंच असतं ना? आणि ते खाणं पाप आहे का? (कल्याणीनगर)

पाप-पुण्याचं खातं माझ्याकडे नाही, पण लग्नात चमच्याचमच्याने वाटत होते म्हणजे स्टर्जनचं असण्याची शक्यता कमीच. लम्पफिश नावाच्या माशाची अंडी काळ्या रंगात बुडवून सर्रास मिळतात, नारिंगी असतील तर सामनची, आणि हल्ली तर समुद्री शेवाळापासून बनवलेले शाकाहारी मोतीही असतात. खरं कॅव्हियार म्हणजे स्टर्जनच्या जातींचीच मीठ लावलेली गाबोळी, आणि ती काढायला पारंपरिक पद्धतीत मादीचं पोट फाडतात. बेलुगा या स्टर्जनच्या जातीची सगळ्यात महाग, कॅस्पियन समुद्रातली.

खायची असेल तर डबा बघायचा. १९९८ पासून सगळे स्टर्जन साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली आहेत, त्यामुळे कायदेशीर डब्यावर एक लेबल असतं, एकदा काढलं की परत चिकटवता येत नाही असं. त्यावर माशाच्या जातीचा तीन अक्षरी कोड, देश, वर्ष, आणि एक अक्षर असतं, डब्ल्यू असेल तर नदी-समुद्रातला जंगली मासा, सी असेल तर फार्मवरचा. आता बाजारातलं कायदेशीर कॅव्हियार बहुतेक सगळं फार्मवरचं असतं आणि सगळ्यात जास्त चीनमधून येतं. जंगली बेलुगाचं म्हणून कुणी गुपचूप स्वस्तात देत असेल तर एक तर तो तुम्हाला फसवतोय किंवा नदीला.

कारण अवस्था फार वाईट आहे. २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सगळ्या स्टर्जन जातींचा नव्याने आढावा घेतला आणि उरलेल्या २६ च्या २६ जाती धोक्यात निघाल्या, एकही सुटली नाही. यांगत्सेतला चायनीज पॅडलफिश, हा स्टर्जनचा चुलत घराण्यातला, तो तर नामशेष जाहीर झाला. यांगत्से स्टर्जन आता नदीत आपला आपण उरलेलाच नाही.

एप्रिलमध्ये पहारे देऊन मासे वाचवायचे आणि फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून तेच मासे भाल्याने मारायचे. नेटवर व्हिडिओ आहेत, स्वतः पाहिले. याला आमच्याकडे ढोंग म्हणतात. आपलं काय म्हणणं? (सदाशिव पेठ)

माझं म्हणणं असं की आपण व्हिडिओ पाहिलात पण नियम पाहिले नाहीत.

जरा मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या कोळ्यांना हा मासा म्हणजे नुसती पीडा होती, बाकीच्या माशांची जाळी फाडायचा. पकडून काठावर लाकडाच्या मोळ्यांसारखे रचायचे, वाळवायचे आणि आगबोटीच्या बॉयलरमध्ये जाळायचे, अंगात तेल भरपूर म्हणून छान पेटायचा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की धुरी दिलेलं मांस विकलं जातं, गाबोळी विकली जाते, आणि आतल्या हवेच्या पिशवीपासून बिअर निवळायचा पदार्थ होतो. झालं. १८८५ साली एकट्या लेक ईरीतून सुमारे २३ लाख किलो स्टर्जन काढला. पुढच्या काही दशकांत मासा जवळजवळ संपला. विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये स्टर्जन पकडणं पूर्ण बंद केलं आणि १९३० च्या दशकात फक्त हिवाळ्यात भाल्याने मारायला परवानगी दिली.

आता तो भाला बघा. फेब्रुवारीत तळं गोठलं की त्यावर एक अंधारी झोपडी ओढत न्यायची, करवतीने बर्फाला मोठं भोक पाडायचं, लाकडी नकली मासा पाण्यात सोडायचा आणि त्या हिरवट पाण्याकडे टक लावून बसायचं. तासन्‌तास. मासा येईल किंवा येणार नाही, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं दिसतसुद्धा नाही. वेळ सकाळी ७ ते दुपारी १. लायसन्स आदल्या ३१ ऑक्टोबरच्या आत काढलेलं पाहिजे, ऐनवेळी बर्फ चांगलं जमलंय म्हणून मिळत नाही. एका लायसन्सवर सीझनभरात एकच मासा, आणि तो त्याच दिवशी सरकारी केंद्रावर नेऊन नोंदवायचा, तिथे वजन, लांबी, नर का मादी सगळं लिहून घेतात. सीझन जास्तीत जास्त १६ दिवस, पण मोठ्या माद्या, लहान माद्या आणि नर यांचे कोटे वेगवेगळे ठरलेले असतात, त्यातला एक जरी भरत आला तरी सीझन बंद, उरलेल्यांनी घरी जायचं. सगळं मिळून प्रौढ माशांच्या ५ टक्क्यांपलीकडे मारले जाणार नाहीत असा हिशोब असतो. मला स्वतःला भाला मारून मासा काढण्यात काही मजा वाटत नाही, पण हिशोब चोख आहे हे कबूल करायला पाहिजे.

आणि पहारेकरी कोण ते ऐका. खरा धोका फेब्रुवारीत नव्हताच, एप्रिलमध्ये होता. एरवी खोल पाण्यात असणारी पोटुशी मादी गुडघाभर पाण्यात काठाला लागलेली, रात्रीची वेळ, गाबोळीला भाव. चोरांना जाळंसुद्धा लागत नव्हतं, नुसतं ओढून काढायचं. तेव्हा १९७७ मध्ये भालेवाल्यांनीच 'स्टर्जन फॉर टुमॉरो' ही संस्था काढली आणि अंडी घालायच्या जागांवर पहारा सुरू झाला. अजूनही चालतो. स्वयंसेवक बारा-बारा तासांची पाळी करतात, नदीकाठी जोडीने बसतात, बदल्यात गरम जेवण मिळतं आणि मासे जवळून बघायला मिळतात. लायसन्सचा पैसाही या माशांच्या कामालाच जातो. म्हणजे जो मारतो तोच राखतो. तुम्हाला ढोंग वाटलं, मला तरी हा त्यातल्या त्यात शहाणा व्यवहार वाटतो, कारण ज्याला पुढच्या वर्षी परत त्या भोकापाशी बसायचंय त्याच्याइतकी माशांची काळजी दुसऱ्या कुणाला असणार.

एवढे पहारे, कोटे, नियम कशाला? टाकीत अंडी उबवायची आणि लाखांनी पिल्लं सोडायची. आपल्याकडे लोणावळ्याला महसीर माशाचं केलंच की. (सिंहगड रोड)

हा प्रश्न मला आवडला कारण लोणावळ्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत.

उबवतात, तिकडेही उबवतात. मिलवॉकी नदीतला स्टर्जन संपला होता तो परत आणायला २००६ पासून नदीकाठीच एका ट्रेलरमध्ये पिल्लं वाढवतात. त्यातली खुबी अशी की टाकीत पाणी त्याच नदीचं फिरवतात, म्हणजे त्या पाण्याची ओळख पिल्लाच्या डोक्यात बसेल आणि मोठेपणी अंडी घालायला ते तिथेच परत येईल. शरद ऋतूत सोडतात. पण २००६ ला सोडलेली मादी अंडी घालण्याएवढी व्हायला वीस-पंचवीस वर्षं. दर चार-पाच वर्षांनी निवडणुका असलेल्या कुठल्याही देशात असं काम चालू राहतं याचंच मला नवल वाटतं.

आणि पिल्लं सोडून रस्ता मोकळा होत नाही. वर शावानोचं धरण म्हटलं ना, वुल्फ नदीतून चढणारे स्टर्जन तिथपर्यंत येतात आणि भिंतीला नाक लावून थांबतात. पूर्वी ते आणखी वर, मेनोमिनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या केशेना धबधब्यापर्यंत जायचे. हिवाळाभर साठवणीचं खाऊन कंटाळलेल्या त्या लोकांसाठी वसंतातलं पहिलं ताजं अन्न म्हणजे हा मासा. धरणं झाली आणि मासा यायचा बंद झाला, माणसं तिथेच राहिली. आता काही मासे पकडून, ट्रकमधून धरणाच्या वर नेऊन सोडतात. व्होल्गावर व्होल्गोग्राडला धरण झालं आणि बेलुगाच्या अंडी घालायच्या बहुतेक सगळ्या जागा भिंतीपलीकडे गेल्या. यांगत्सेवर १९८१ मध्ये गेझोबा धरणाने चायनीज स्टर्जनचं तेच केलं. टाकीतली पिल्लं दोन्हीकडे सोडली, अजून सोडतात. मासा मोठा होऊन वर निघतो आणि भिंत तिथेच.

आता लोणावळा. वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरचं केंद्र सुरू केलं, ते काम खरंच मोठं आहे, पावसाळ्यात नर-मादी पकडून हाताने अंडी काढायची, फलित करायची, पिल्लं वाढवायची, हे महसीरच्या बाबतीत तेव्हा फार कुणाला जमलेलं नव्हतं. लाखो पिल्लं देशभर गेली. आपला हा दख्खनी महसीर आययूसीएनच्या यादीत आधी धोक्यातला होता, आता त्या रकान्यातून बाहेर आलाय. इथपर्यंत टाळ्या. पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीत आधीपासून स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा, ज्याच्यासाठी जगभरचे गळवाले तिथे यायचे. बाहेरून आलेला दख्खनी महसीर तिथे एवढा फोफावला की कुबडवाला दिसेनासा होत गेला. त्याला शास्त्रीय नाव कुठलं लावायचं हेसुद्धा नीट ठरलं २०१८ मध्ये, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो थेट अतिसंकटग्रस्त यादीत गेला. एक मासा वाचवायला गेलो आणि दुसरा घालवायची वेळ आली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. मासा म्हणजे मासा, पाणी म्हणजे पाणी, असं धरून चाललं की असं होतं.

स्टर्जन खडकवासल्यात सोडता येईल का? पर्यटन वाढेल. (वारजे)

नको हो. वरचं उत्तर वाचलंत ना. शिवाय जानेवारीतसुद्धा आपलं धरणाचं पाणी त्या माशाला अंडी घालायला लागतं तेवढं गार होत नाही, तो जगला तरी वाढणार नाही. आणि बाहेरचे मासे आपल्याकडे काय कमी झालेत? उजनीत चिलापी किती आहे ते भिगवणच्या कुठल्याही हॉटेलच्या मेनूवर बघा, आणि आफ्रिकन मांगूर पाळायला बंदी असूनही तो काय थांबलेला नाही. घरच्या ॲक्वेरियममधले मोठे झालेले मासे मुठेत नेऊन सोडणाऱ्यांनाही हेच उत्तर लागू.

आमच्या मुळशीत जूनमध्ये पहिल्या पावसाला चढणीचे मासे धरतात, लहानपणापासून खातोय. तुमच्या त्या अमेरिकन गोष्टीच्या हिशोबाने आम्ही चोरच झालो का? आणि पुण्याच्या नद्यांत असं बघण्यासारखं काही उरलंय का? (पौड)

दादा, चोर नाही. पण तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्टर्जनचं एप्रिलमध्ये जे होतं तेच आपल्या माशांचं मृगाच्या पावसात होतं. तिकडे बर्फाचं पाणी, इथे पावसाचं. ओढ्याला पहिलं लाल पाणी आलं की नदीतले मासे उलटे वर चढतात, ओढ्यात, ओहोळात, पार भाताच्या खाचरात, कारण तिथे उथळ, ताजं पाणी आणि पिल्लांना खायला भरपूर. कोकणात वलगण म्हणतात. पोटं गाबोळीने टम्म. फरक असा की चढणीचे बरेचसे मासे लहान जातीचे, वर्षा-दोन वर्षांत अंड्यावर येणारे, त्यामुळे गावाने घरापुरते धरले तर ते भरून निघायचं. आजोबांच्या वेळी ओढ्याला एका बाजूला खोन (मासे अडकवायचा सापळा) लावायचे आणि दुसरी बाजू मोकळी असायची. आता या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं नायलॉन जाळं लावतात, म्हणजे एकही मासा वर जात नाही, आणि काही ठिकाणी तर ब्लीचिंग पावडर टाकतात नाहीतर बॅटरीचा करंट सोडतात. ते मासे धरणं नव्हेच. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते ती आपण सगळे मान्य करतो, मग ओढ्यात निदान अर्धी वाट उघडी ठेवायला हरकत काय?

महसीरची गोष्ट मात्र वेगळी धरा. तो सावकाश मोठा होतो, अंडी रोहू-कटल्याच्या घराण्यातल्या इतर माशांच्या मानाने कमी घालतो, पावसाळ्यात, गोटे असलेल्या वाहत्या पाण्यात. चढणीला मोठा महसीर दिसला तर सोडून द्या, एवढं माझं ऐका. आणि पुण्याचा त्याच्यावर हक्कच आहे म्हणा ना, कारण साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये जगाला या माशाचं पहिलं वर्णन दिलं ते मुळा-मुठेतल्या, पुण्याच्या पूर्वेकडच्या माशावरून. त्याच्या टॉर खुद्री या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' तेव्हापासूनचं. आज त्याच पट्ट्यात काय वाहतं ते मुंढव्याच्या पुलावरून नाक धरून बघता येईल.

बघायचाच असेल तर महाडजवळ वाळण कोंडीला जा, काळ नदीचा डोह आहे, देवीचा म्हणून कुणी जाळं टाकत नाही, चुरमुरे टाकले की महसीर वर येतात. देहूला इंद्रायणीच्या डोहातही मासे राखायची रीत जुनी, पण वरून येणाऱ्या पाण्याने ते मरतात तेव्हा देवाचं नाव पुरत नाही.

आणि एक काम तुमच्या ग्रामपंचायतीला करता येईल. गावच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बर्गे (दारं बंद करायच्या फळ्या) पावसाळ्याआधी काढायचे असतात आणि पाऊस संपता संपता परत घालायचे असतात. पुराच्या सोयीसाठी ही पद्धत आहे, पण माशांच्याही ती नेमकी पथ्यावर पडते, चढणीच्या वेळेला दारं उघडी. शावानोच्या भिंतीला ही सोय नाही, ट्रक लागतो. कित्येक ठिकाणी बर्गे वेळेवर निघत नाहीत, कधी ठेकेदार येत नाही, कधी ते चिखलात रुतलेले असतात, कधी गेल्या वर्षीच चोरीला गेलेले असतात आणि मग त्या जागी कायमचं काँक्रीट ओततात. मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, ७ जूनच्या आत बर्गे निघाले का ते स्वतः जाऊन बघा, आणि निघाले नसतील तर फोटोसकट आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.